निर्यातीला शून्य, वावराला 18 टक्के

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
वस्तू व सेवा कर परिषद, नवी दिल्ली

विषय: बुरशीनाशकांवरील 18 टक्के जीएसटी आणि त्याच्याशी जोडलेले आयात-निर्यात धोरण

सन्माननीय महोदया व महोदय,



हे पत्र अमरावती जिल्ह्यातल्या वलगावहून लिहीत आहे. अमरावतीहून परतवाड्याकडे जाताना पेढी नदीच्या काठी आमचे गाव लागते. 20 डिसेंबर 1956 रोजी गाडगेबाबांनी इथेच देह ठेवला, म्हणून महाराष्ट्राला ते माहीत आहे. आमच्याकडे सोयाबीन, कापूस, तूर आणि हरभरा पिकतो. थोडे पुढे चांदूर बाजार, अचलपूर, मोर्शी, वरूड या तालुक्यांत संत्र्याच्या बागा आहेत. काळी, पाणी धरून ठेवणारी जमीन आणि जुलै-ऑगस्टची झड एकत्र आली की या साऱ्या पट्ट्यात बुरशी उठते. तुरीत मर लागते, सोयाबीनची मुळे व खोड कुजतात, संत्र्याला डिंक्या धरतो आणि आंबिया बहाराची फळे गळतात. अशा वेळी बुरशीनाशक घेतल्याशिवाय आम्हाला गत्यंतर नसते.

माझी तक्रार एका वाक्यात सांगतो. भारतात तयार झालेले बुरशीनाशक परदेशी शेतकऱ्यासाठी जहाजात चढते तेव्हा त्यावर जीएसटी शून्य असतो आणि तेच बुरशीनाशक वलगावच्या कृषी सेवा केंद्रात येते तेव्हा त्यावर 18 टक्के कर लागतो. हा फरक कायद्याने केलेला आहे आणि तो बदलणे आपल्या हातात आहे. म्हणून हे पत्र आपल्यालाच लिहितो आहे.

पहिला मुद्दा, हे औषध नेमके काय आहे याचा. मॅन्कोझेबचे उदाहरण घेऊ. हे पिवळसर भुकटीच्या रूपातले स्पर्शजन्य बुरशीनाशक 1962 पासून जगात वापरात आहे. आमच्याकडे दुकानात कुणी त्याचे शास्त्रीय नाव घेत नाही, ‘एम-45 द्या’ एवढे म्हटले की पुडा समोर येतो. बुरशीच्या पेशीत ते एकाच जागी घाव घालत नाही, अनेक ठिकाणी घालते. त्यामुळे साठ वर्षे होऊन गेली तरी बुरशीला त्याची सवय लागलेली नाही. नवी महागडी औषधे काही हंगामांत निकामी होऊ लागतात, म्हणून त्यांच्या जोडीलाही मॅन्कोझेब मिसळावे लागते. संत्र्याच्या मुळकुजीसाठी आळवणी करताना मेटॅलॅक्झिल आणि मॅन्कोझेबचे मिश्रण लिटरला अडीच ग्रॅम घ्यायला सांगतात, तेही याच कारणाने. हे औषध बनवण्यात भारत जगात आघाडीवर आहे. यूपीएल आणि इंडोफिल या मुंबईच्या कंपन्या ते जगभर विकतात. त्यांच्या कामगिरीचा आम्हाला अभिमानच आहे. तक्रार कंपन्यांबद्दल नाही, आपल्या कररचनेबद्दल आहे.

दुसरा मुद्दा बिलाचा. पक्के बिल घेतले की खाली दोन ओळी असतात: केंद्राचा कर 9 टक्के, राज्याचा कर 9 टक्के. करापूर्वी 500 रुपये किंमत असलेला पुडा हातात पडतो तेव्हा 590 चा झालेला असतो. कारखानदार कच्च्या मालावर भरलेला कर वजा करून घेतो. घाऊक व्यापारी आणि दुकानदारही तेच करतात. शेतकऱ्याला मात्र ती सोय नाही. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम 23 नुसार स्वतःच्या जमिनीतला माल विकणाऱ्या शेतकऱ्याला नोंदणीतून सूट आहे. नोंदणी नाही म्हणून भरलेला कर परत मागण्याची वाटही नाही. कागदावर ही सवलत दिसते, पण तिचा परिणाम असा की साखळीतला प्रत्येक जण कर पुढे ढकलतो आणि शेवटी तो शेतकऱ्याच्या डोक्यावर येऊन थांबतो. कापूस किंवा सोयाबीन विकताना तो कर भावात मिळवावा, तर भाव आम्ही ठरवतच नाही. कापड दुकानदार कर लावून कापड विकतो, आम्हाला मात्र बाजार समितीत जी बोली लागेल ती घ्यावी लागते.

आता निर्यातीकडे पाहा. एकात्मिक जीएसटी कायद्याच्या कलम 16 नुसार निर्यातीवर शून्य दराने कर आहे आणि निर्यातदाराला आधी भरलेला कर परत मिळतो. कर परदेशी पाठवायचा नाही, माल पाठवायचा, हे तत्त्व जगभर मान्य आहे आणि ते मलाही मान्य आहे. माझे म्हणणे एवढेच की, देशाबाहेरच्या शेतकऱ्यावर आपला कर पडू नये याची जेवढी काळजी आपण घेता, तेवढीच देशातल्या शेतकऱ्याचीही घ्या.

तिसरा मुद्दा सोयाबीनचा, आणि तो मला सर्वांत जास्त टोचतो. ब्राझीलमध्ये 2001 पासून सोयाबीनवर तांबेरा रोगाने थैमान घातले. एकेका औषधाला तिथल्या बुरशीने दाद देणे सोडले, तसे तिथल्या शेतकऱ्यांनी मोठ्या प्रमाणावर मॅन्कोझेब मिसळायला सुरुवात केली. आज ब्राझील हे भारतीय कृषी रसायनांचे एक मोठे गिऱ्हाईक आहे. आता दुसरी बाजू पाहा. भारतात येणारे कच्चे सोयाबीन तेल प्रामुख्याने अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून येते. सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ सीमाशुल्क 20 टक्के करण्यात आले आणि 30 मे 2025 रोजी, म्हणजे आमच्याकडे पेरणीच्या तोंडावर, ते 10 टक्क्यांवर आणले गेले. शहरातल्या गृहिणीला तेल परवडावे हा हेतू योग्य आहे. पण साखळी कशी जुळते ते बघा. भारतीय बुरशीनाशक आपल्या कराशिवाय ब्राझीलला जाते. तिथल्या सोयाबीनचे तेल कमी शुल्कात आपल्या बंदरात उतरते. त्या तेलाच्या दराने अमरावतीच्या बाजार समितीतल्या सोयाबीनची बोली खाली येते. आणि त्या बोलीला माल विकणारा वलगावचा शेतकरी त्याच देशी बुरशीनाशकावर 18 टक्के कर भरून आलेला असतो. दोन शेतकऱ्यांची स्पर्धा लावायची आणि आपल्याच माणसाच्या पाठीवर वजन ठेवायचे, हा न्याय नाही. 2025-26 साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये जाहीर झाला. तो पदरात पडला तरीही हे वजन आहेच, आणि बाजारात भाव त्याच्या खाली गेला की ते दुप्पट जाणवते.

चौथा मुद्दा आयात शुल्काचा. मॅन्कोझेब देशात बनते, पण इतर अनेक बुरशीनाशकांचे टेक्निकल, म्हणजे ज्यापासून पुढे पुडा किंवा बाटली तयार होते तो मूळ घटक, चीनमधून येतो. बुरशीनाशके सीमाशुल्क यादीतल्या ज्या 3808 क्रमांकाच्या शीर्षकात मोडतात, त्यावर 10 टक्के मूळ सीमाशुल्क आहे. त्या शुल्कावर 10 टक्के समाज कल्याण अधिभार आणि या सगळ्यावर 18 टक्के एकात्मिक जीएसटी. हिशेब सरळ आहे: 100 रुपयांचा माल शुल्क धरून 111 चा होतो आणि जीएसटी धरून जवळपास 131 चा. यातला जीएसटी आयातदाराला वजा मिळतो, पण शेवटच्या पुड्यावर तो पुन्हा लागून आमच्याकडेच येतो. देशी उत्पादकाला संरक्षण मिळावे, चीनवरचे अवलंबित्व कमी व्हावे, हे मीही मानतो. पण शुल्क वाढवण्याची मागणी घेऊन उद्योगाचे प्रतिनिधी दिल्लीत जातात, तेव्हा त्याच टेबलावर ते औषध विकत घेणाऱ्या शेतकऱ्याची बाजू कोण मांडतो? 2023 मध्ये चीनच्या भरमसाट पुरवठ्याने जगभर कृषी रसायनांचे दर कोसळले. त्याचा किती हिस्सा आमच्या दुकानातल्या किमतीत उतरला, याचा ताळेबंद सरकारने मांडून दाखवायला हवा होता.

निर्णय वेगाने घेता येतात हेही आम्ही पाहिले आहे. 19 ऑगस्ट 2025 पासून कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क रद्द झाले आणि ती सवलत पुढे 31 डिसेंबरपर्यंत वाढवली गेली. अमेरिकेने 27 ऑगस्ट 2025 पासून भारतीय मालावरचे शुल्क 50 टक्क्यांवर नेले. त्यानंतर निर्यातदारांसाठी 25,060 कोटी रुपयांच्या निर्यात प्रोत्साहन मोहिमेला नोव्हेंबरमध्ये मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. सूतगिरणी आणि निर्यातदार अडचणीत आले की सरकार धावते, ते योग्यच आहे. कापूस वेचायला आला त्याच महिन्यांत बाहेरचा कापूस शुल्काविना आला, तेव्हा आमच्या बाजूने कुणी धावले नाही.

पाचवा मुद्दा नियमांच्या गोंधळाचा. प्रजननास घातक आणि संप्रेरकांत बिघाड करणारे अशी कारणे देऊन युरोपीय संघाने डिसेंबर 2020 मध्ये मॅन्कोझेबच्या मंजुरीचे नूतनीकरण नाकारले. आपल्याकडे मे 2020 मध्ये 27 कीडनाशकांवर बंदीचा मसुदा निघाला, त्यात मॅन्कोझेब होते. पुढे 2023 च्या आदेशात त्याचा वापर पेरू, ज्वारी आणि टॅपिओका या पिकांपुरता बंद झाला, बाकी पिकांवर सुरू राहिला. आपले हे आदेश हिंदी आणि इंग्रजी राजपत्रात येतात. आमच्या गावात कुणाला विचारले तर ‘बंद झाले म्हणतात’ आणि ‘बंद नाही’ अशी दोन्ही उत्तरे मिळतात. पंप पाठीवर घेऊन फवारणारा मजूर हातमोजे आणि मास्कशिवाय राबतो. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले, ते आम्ही विसरलेलो नाही. ती कीटकनाशके होती, पण फवारणारा हात तोच असतो. औषध घातक असेल तर ते स्पष्ट सांगा, बंद करा आणि परवडेल असा पर्याय द्या. घातक नसेल तर त्यावर एवढा जड कर लावू नका. संशय आणि कर, दोन्ही आमच्याच वाट्याला येऊ नयेत.

सहावा मुद्दा संत्र्याचा. इथे बुरशी आणि व्यापार एकमेकांना कसे बांधलेले आहेत ते डोळ्यांनी दिसते. डिंक्या लागलेल्या झाडाच्या खोडावर तपकिरी डिंकाचे थेंब साकळलेले असतात. चाकूने ती साल जिवंत, हिरवट भाग लागेपर्यंत खरवडायची. मग एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी यांचे बोर्डो मलम जमिनीपासून दोन-तीन फूट उंचीपर्यंत ब्रशने लावायचे. हे पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा. मधल्या काळात आळवणी, फवारणी, पाण्याचा निचरा. एवढे करून वाचलेल्या फळाला बाहेरचा मोठा बाजार बांगलादेशाचा. तिथे 2019 मध्ये किलोला सुमारे 20 रुपये असलेले आयात शुल्क वाढत वाढत 2023 पर्यंत 88 रुपयांवर गेले. निर्यात आटली आणि बागेतला भाव पडला. शुल्काचा निम्मा भार उचलण्याची घोषणा महाराष्ट्र सरकारला करावी लागली. फळ वाचवण्यासाठी इकडे कर द्यायचा आणि फळ विकण्यासाठी तिकडे शुल्क सोसायचे, अशा दुहेरी कात्रीत संत्रा बागायतदार सापडला आहे. नाशिकच्या द्राक्ष उत्पादकाला युरोपसाठी कोणते औषध किती दिवस आधी बंद करायचे आणि फळात अंशाची मर्यादा किती, याची यादी अपेडा या केंद्राच्या कृषी निर्यात संस्थेकडून मिळते. संत्रा, तूर आणि सोयाबीनवाल्यांना अशी माहिती गावपातळीवर आणि मराठीत मिळाली तर निम्म्या चुका आधीच टळतील.

आता आपल्याकडून येऊ शकणाऱ्या आक्षेपांबद्दल.

पहिला आक्षेप: कर कमी केला तर औषधांचा वापर बेसुमार वाढेल. शेतकरी हौसेने फवारत नाही. एका फवारणीत औषध, मजुरी, पाणी आणि दिवस जातो. कर जास्त असल्याने वापर कमी होत नाही, पक्क्या बिलाविना मिळणारा स्वस्त माल घेण्याकडे माणूस वळतो. त्या मालात काय आहे हे सांगता येत नाही. रोग आटोक्यात येत नाही म्हणून तो दोनदा फवारतो आणि बिल नसल्याने 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली तक्रारही करू शकत नाही. कर कमी झाला तर पक्के बिल घ्यायला माणूस तयार होईल, आणि भेसळ पकडायचा तोच पहिला धागा आहे.

दुसरा आक्षेप: कच्च्या मालावर 18 टक्के आणि तयार मालावर 5 टक्के ठेवले तर उत्पादकाचा कर अडकून पडेल. त्यासाठी कायद्याच्या कलम 54(3) मध्ये परताव्याची तरतूद आहे. खताच्या बाबतीत आपण हाच मार्ग चोखाळला होता. 30 जून 2017 रोजी, जीएसटी लागू होण्याच्या आदल्या दिवशी, याच परिषदेने खतावरचा ठरलेला 12 टक्के दर 5 टक्क्यांवर आणला होता. इच्छा असली की निर्णय एका बैठकीत होतो, याचे याहून मोठे उदाहरण नको.

तिसरा आक्षेप: शेतीला आधीच पुष्कळ सवलती दिल्या. खरे आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टर, ठिबक संच, सूक्ष्म अन्नद्रव्ये आणि 12 जैविक कीडनाशकांवरचा कर 12 वरून 5 टक्के झाला. ट्रायकोडर्मा स्वस्त झाले, त्याबद्दल आपले आभार. पण ट्रायकोडर्मा बियाण्याला आणि जमिनीत वापरायचे असते. ऑगस्टच्या झडीत पाने करपू लागली की ते पुरत नाही. सोयाबीनच्या बियाण्याला किलोमागे 3 ग्रॅम कार्बोक्सिन व थायरमची बीजप्रक्रिया करा, असे कृषी विद्यापीठ शिकवते. त्या पाकिटावर अजून 18 टक्केच कर आहे. पिकाला अन्न द्यायला 5 टक्के आणि पिकाचा जीव वाचवायला 18 टक्के, ही विभागणी शेतीच्या दृष्टीने समजण्यासारखी नाही.

म्हणून माझ्या मागण्या क्रमाने मांडतो.

एक: सर्व नोंदणीकृत बुरशीनाशकांवरील जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आणावा. एकदम शक्य नसेल तर बीजप्रक्रियेची औषधे आणि मॅन्कोझेबसारखी जुनी, पेटंट संपलेली औषधे यांपासून सुरुवात करावी.

दोन: कर कमी झाल्यावर छापील किमतीत तो उतरला की नाही हे तपासून त्याचा अहवाल एका हंगामाच्या आत जाहीर करावा. सवलत शेतकऱ्याच्या नावाने निघून वाटेत मुरता कामा नये.

तीन: कृषी रसायनांवरील सीमाशुल्क किंवा अँटी-डम्पिंग शुल्काच्या प्रत्येक सुनावणीत शेतकरी प्रतिनिधींना नोटीस द्यावी, त्यांचे म्हणणे लेखी घ्यावे आणि एकरी खर्च किती वाढेल याचा आकडा आदेशातच नमूद करावा.

चार: खाद्यतेल, कापूस आणि डाळींवरच्या आयात शुल्कातले बदल पेरणी ते काढणी या काळात करू नयेत. करावेच लागले तर त्याच आदेशासोबत शेतकऱ्याच्या निविष्ठांवरचा कर तेवढ्याच तत्परतेने कमी करावा.

पाच: कोणते बुरशीनाशक कोणत्या पिकावर चालू, कोणते बंद, आणि कोणत्या देशाची अंश-मर्यादा किती, ही यादी दरवर्षी मे महिन्यात मराठीत काढून प्रत्येक कृषी सेवा केंद्राच्या दर्शनी भागात लावणे सक्तीचे करावे.

सहा: बांगलादेशाशी आणि इतर शेजारी देशांशी होणाऱ्या व्यापार वाटाघाटींत संत्र्याचे नाव स्वतंत्रपणे यावे, यासाठी परिषदेतील महाराष्ट्राच्या प्रतिनिधींनी केंद्राकडे आग्रह धरावा.

शेवटी महाराष्ट्राच्या प्रतिनिधींना एक विशेष विनंती. बिलावरच्या 18 पैकी 9 टक्के राज्याच्या तिजोरीत जातात, त्यामुळे ही दिल्लीची बाब आहे असे म्हणून आपल्याला बाजूला होता येणार नाही. पापळसारख्या गावातून निघून देशाचे कृषिमंत्री झालेले डॉ. पंजाबराव देशमुख याच जिल्ह्याचे. त्यांच्या नावाचे कृषी विद्यापीठ अकोल्यात आहे आणि रोगापासून पीक कसे वाचवायचे ते शिकवते. तिथला सल्ला अमलात आणणाऱ्या शेतकऱ्याला 18 टक्के कर भरावा लागू नये, एवढे तरी त्यांच्या जिल्ह्यासाठी करा.

आम्हाला कर्जमाफीची किंवा फुकट औषधांची भीक नको. निर्यातदाराला जो न्याय मिळतो तोच आम्हाला द्या. परिषदेच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर बुरशीनाशकांवरचा कर हा विषय घ्या, त्यावर मतदान झाले तर कोणत्या राज्याने काय भूमिका घेतली ते जाहीर करा, आणि निर्णय पुढच्या खरिपाच्या पेरणीआधी लागू करा.

आपला विश्वासू,
वलगाव (जि. अमरावती) येथील एक शेतकरी